तेलविहिरीची चाल

कोयलीचा शुद्धीकरण कारखाना आणि मकरपुऱ्याची वसाहत यांमुळे खनिज तेल हा विषय आपणां बडोदेकरांस घरचाच होऊन बसला आहे. जुन्या वाड्यांपैकी असा वाडा विरळाच, की ज्यातील एखादा मुलगा, जावई किंवा भाचा ‘ओएनजीसी’त नोकरीस लागला नाही. तथापि तेल सापडते कसे असे विचारले तर आपल्यांपैकी बहुतेकांचे उत्तर एकच असते: यंत्राने जमिनीत भोक पाडतात आणि तेल वर येते! भोक पाडतात हे खरे. परंतु ते कोणत्या यंत्राने पाडावे, किती झपाट्याने पाडावे आणि मुख्य म्हणजे केव्हा थांबावे, याविषयी जगभरच्या शहाण्या माणसांनी जी डोकेफोड केली आहे, तिची कथा मोठी मनोरंजक आहे. तीत पैसा आहे, प्रतिष्ठा आहे, आणि प्रसंगी माणसांचे प्राणही आहेत.

गाणे शिकवणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. माझे वडील पोरवयात येथील दरबारच्या कलावंत खात्यात शिरले होते आणि मी त्यांच्या उतारवयातला. घरात सकाळसंध्याकाळ एकच बोलणे चाले, ते लयीचे. त्यामुळे, विहिरीवर उभे आयुष्य काढलेले आमच्या आळीतले एक काका जेव्हा मला म्हणाले, “मास्तर, आमचेही सगळे लयीवरच असते हो,” तेव्हा माझे कान टवकारले गेले. त्यानंतर कित्येक संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांचे डोके खाल्ले आहे. पुढील मजकुरातील यंत्राचे ज्ञान बरेचसे त्यांचे. मते मात्र माझी.

प्रथम ही विहीर खणतात कशी ते पाहू. पूर्वी ती कुटून काढीत. जड लोखंडी पहार दोराला बांधायची, उचलायची आणि आपटायची. पुन्हा उचलायची, पुन्हा आपटायची. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातील टायटसव्हिल येथे १८५९ च्या ऑगस्टात एडविन ड्रेकची जी सुप्रसिद्ध विहीर लागली, ती अशीच कुटून काढलेली. खडकात तिची चाल दिवसाला सुमारे तीन फूट! साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागले. आपल्या देशात आसामात दिग्बोईची पहिली विहीर १८८९ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि ६६२ फूट खोली गाठण्यास पुढील वर्षाचा नोव्हेंबर उजाडला. चौदा महिने!

पुढे कुटण्याऐवजी फिरवण्याची युक्ती आली. पोकळ पोलादी नळ एकाला एक जोडून सोडायचे, तळाशी दातेरी डोके बसवायचे आणि वरून सारा नळ गरगर फिरवायचा. नळाच्या पोकळीतून पातळ केलेली माती पंपाने खाली दाबायची. ती दातांपाशी बाहेर पडते आणि खडकाचा चुरा घेऊन नळाच्या बाहेरील फटीतून वर येते. विहिरीवरची मंडळी तिला नुसते ‘मड’ म्हणतात. टेक्सासात स्पिंडलटॉप येथे १९०१ च्या जानेवारीत तेलाचा जो प्रचंड फवारा उडाला त्याने या पद्धतीचा डंका जगभर वाजला. त्या ठिकाणी चिखल करण्यासाठी डबक्यातून गुरे हिंडवली होती असे सांगतात. आज त्याच चिखलाचे शास्त्र झाले आहे आणि त्याचा स्वतंत्र इंजिनियर असतो.

हा चिखल म्हणजे विहिरीचे रक्तच होय. तो चुरा वर आणतो, दाते थंड ठेवतो, विहिरीच्या भिंती ढासळू देत नाही आणि खालच्या वायूला आपल्या वजनाने दाबून धरतो. येथेच पहिला पेच येतो. चिखल जड ठेवावा तर वायू दबून राहतो, परंतु तळच्या खडकावरही तोच भार पडतो, चुरा तेथून लवकर उचलला जात नाही आणि खोदाई मंदावते. हलका ठेवावा तर दाते सपासप चालतात; पण खाली कोठे दाबाचा वायू दडलेला असेल तर तो मोकाट सुटतो. म्हणजे वेग आणि धोका हे दोन्ही एकाच तराजूच्या पारड्यांत! अनोळखी मुलखातली पहिली विहीर असेल तर खाली काय दाब आहे हे कोणासच ठाऊक नसते. शेजारी विहीर नाही, तिची वही नाही, अनुभव नाही. म्हणून पहिली विहीर हळू जाते, आणि तिने हळूच जावे.

काकांना मी विचारले, “तुम्हांला खालचे कळते कसे?” ते म्हणाले, “ब्रेकच्या दांड्यावरून.” ड्रिलर म्हणजे विहिरीवरचा मुख्य खोदणारा. त्याच्या हाताशी एक लांब दांडा असे. साऱ्या नळाचे वजन त्या दांड्यावर तोललेले. तीन हजार मीटर खोलीवर नुसत्या नळाचेच वजन ऐंशी-नव्वद टन भरते. त्यातले बहुतेक वरच्या दोराने उचलून धरायचे आणि थोडेच दातांवर टाकायचे. किती टाकायचे, यातच त्याचे कसब. समोर वजनाचा काटा असतो, पंपाच्या दाबाचा काटा असतो. परंतु मुरलेला ड्रिलर काट्याआधी कानाने ओळखतो. नळ एका विशिष्ट तऱ्हेने घुमतो. पंपाचा ठेका किंचित चढतो किंवा ढिला पडतो. लाकडी फळीवर उभ्या असलेल्या पायांना थरथर जाणवते. शेल नावाचा मातकट खडक असला की चाल जड आणि गुळगुळीत; वाळूचा थर लागला की एकदम मोकळी; दाते झिजून त्यांची चाके अडू लागली की नळ झटके देतो. आता अर्थात दांडा गेला, खुर्ची आली, पडदे आले आणि सगळे आकडे आपोआप उमटतात. काकांना त्याचे दुःख नाही. “कान थकतात मास्तर, काटा थकत नाही,” असे ते म्हणतात. मला मात्र थोडे वाईट वाटले, हे सांगितले पाहिजे.

खोदाई एकाएकी मोकळी होणे यास विहिरीवर फार महत्त्व आहे. तासाला चार मीटर जाणारे दाते अकस्मात दहा-बारा मीटर जाऊ लागले तर नवशिक्या खुश होतो. जाणता ड्रिलर मात्र त्याच क्षणी थांबतो. खडक सच्छिद्र झाला आहे. त्या छिद्रांत पाणी असेल, तेल असेल किंवा दाबाचा वायू असेल. दाते तळापासून थोडे उचलून, पंप बंद करून तो पाहतो की चिखल आपोआप वर वाहत तर नाही ना. वाहत असेल तर विहिरीचे तोंड ताबडतोब बंद करावे लागते. वेग वाढला म्हणून थांबायचे, हा या विद्येतला पहिला धडा.

दुसरी गंमत अशी की तळी कापलेला चुरा वर येण्यास वेळ लागतो. खोल विहिरीत तो तासाहून अधिक असू शकतो. भूगर्भशास्त्रज्ञ चाळणीवरचा चुरा भिंगाखाली धरून म्हणतो, “वाळू लागली!” परंतु ती तासापूर्वीची वाळू. तेवढ्यात ड्रिलर तो पातळ थर कदाचित ओलांडूनही गेलेला असतो. अनोळखी विहिरीत चाल फार ठेवली तर शास्त्रज्ञ मागे पडतो, आणि ज्या कामासाठी विहीर खणली ते कामच राहून जाते. म्हणून मध्येच थांबून खडकाचा अखंड गाभा काढतात. त्यासाठी सारे नळ वर ओढायचे, निराळे दाते लावायचे, पुन्हा सोडायचे, काही मीटर कापायचे आणि पुन्हा सारे वर! त्यात दिवस जातात. फ्रान्समध्ये पेशेलब्रॉन येथे १९२७ मध्ये श्लुंबर्जे बंधूंच्या मंडळींनी तारेने उपकरण सोडून विजेच्या साह्याने विहिरीतील थर वाचण्याची सोय करून दिली, तेव्हा हा जाच पुष्कळ कमी झाला. संपला मात्र नाही.

हे नळ वर ओढणे म्हणजे काय प्रकार आहे, तो ध्यानात घेतल्यावाचून वेगाचा हिशोब कळणार नाही. एक नळ सुमारे नऊ मीटरांचा. तीन नळ एकत्र ठेवून सत्तावीस मीटरांची एकेक उभी काठी मनोऱ्यात रचतात. मनोरा उंच असतो तो त्यासाठीच. तीन हजार मीटर खोलीवर दाते झिजले की अशा शंभरावर काठ्या एकेक करून उसकायच्या, रचायच्या, नवे दाते लावायचे आणि तितक्याच काठ्या पुन्हा जोडून सोडायच्या. पूर्ण पाळी त्यात जाते, कधी अधिक. तितका वेळ विहीर एक बोटभरही खोल जात नाही, पण यंत्राचे भाडे, डिझेल आणि माणसांचे पगार चालूच असतात.

आता हिशोब पाहा. समजा, या चढउतारास आठ तास लागतात आणि नव्या दातांनी दहा तासांत ऐंशी मीटर कापले. म्हणजे अठरा तासांत ऐंशी मीटर. तासाला साडेचारांस थोडे कमी. दाते आता झिजत चालले आहेत. अजून तासाला सहा मीटर देत असतील तर चालू ठेवावे, कारण सहा हे सरासरीहून अधिक आहे. चारावर आले की काढावेत. पुढे प्रत्येक तास सरासरी खाली ओढणार. इतके सोपे! परंतु विहीर खोल जाते तसा चढउताराचा वेळ वाढतो, सरासरी घसरते आणि तेच झिजलेले दाते अधिक वेळ ठेवणे शहाणपणाचे ठरते. अधिक ठेवले आणि एखादे चाक तुटून तळी पडले तर ते लोखंड बाहेर काढण्यात आठवडा जातो. विहिरीवर यास ‘फिशिंग’ म्हणतात. न दिसणारा मासा, न दिसणाऱ्या तळ्यात.

दोन वेग आहेत हे येथे स्पष्ट होईल. एक दातांचा आणि एक विहिरीचा. रशियनांनी १९५० च्या सुमारास टर्बोड्रिल नावाची पद्धत आपल्याकडे सर्रास चालवली होती. तीत सारा नळ न फिरवता तळाशीच चिखलाच्या जोराने फिरणारे चक्र असते आणि दाते मिनिटाला शेकडो फेरे घेतात. कठीण खडकात ते विलक्षण झपाट्याने जातात. परंतु दातेही तितक्याच झपाट्याने झिजतात आणि चढउतार वाढतात. आमच्या क्षेत्रात द्रुत लयीत पहिली दोन आवर्तने दाणादाण उडवून तिसऱ्या आवर्तनात धापा टाकणारे असतात, त्यांची मला आठवण झाली. असो.

रशियाचीच आणखी एक गोष्ट बोधप्रद आहे. तेथे योजनेचे लक्ष्य खोदलेल्या मीटरांत मोजले जाई आणि बक्षिसीही त्याच मापाने मिळे. वरवरचे मीटर लवकर खोदून होतात, खोलचे मीटर सावकाश. मग खोल विहिरीत कोण हात घालणार? उथळ विहिरींची संख्या फुगू लागली आणि त्याविषयी त्यांच्याच वर्तमानपत्रांतून तक्रारी छापून आल्या. मापले मीटर, हवे होते तेल. परीक्षेसाठी रागांची संख्या मोजणाऱ्या आमच्या संगीत विद्यालयांनी यावर थोडा विचार करावा.

आता यंत्राकडे वळू. ज्यास रिग म्हणतात ते म्हणजे मनोरा, इंजिने, पंप, दोर, चिखलाचे हौद असे अख्खे गावच. ते लहान घ्यावे की मोठे? लहान स्वस्त आणि हलवण्यास सोपे. पण हजार मीटरांवर अपेक्षित असलेला थर दोन हजारांवर निघाला तर ते हात टेकते आणि अर्धी विहीर सोडून यावे लागते. मोठे सगळे करील. परंतु त्याचे रोजचे भाडे किंवा घसारा छाती दडपवणारा, आणि ते न्यावयाचे तर रस्ते आणि पूल तपासावे लागतात. भडोच जिल्ह्यातील काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर बैलगाडी रुतते, तेथे शेकडो टनांचे लोखंड काय हलणार! म्हणून पावसाळ्याआधी रिग कोठे उभी करायची हा निर्णय म्हणजे चार महिन्यांचा निर्णय.

आपल्या गुजरातची हकीकत अशी. तेल व नैसर्गिक वायू आयोग १९५६ मध्ये स्थापन झाला. विदेशी कंपन्यांचा हिंदुस्थानातील तेलाविषयीचा उत्साह त्या काळी बेताचाच होता. केशवदेव मालवीय यांनी सोव्हिएत संघ आणि रुमानिया यांजकडून तज्ज्ञ व यंत्रे आणवली. हाताशी रिग मोजक्या आणि मुलूख अफाट. पहिली विहीर १९५७ मध्ये ज्वालामुखी येथे सुरू झाली, जेथे देवीच्या ज्योती जमिनीतून युगानुयुगे जळत आहेत. वायू मिळाला, पण धंदा होईल असा नव्हे. दुसरीकडे खंबायतजवळ लुणेज येथे विहीर घेतली, आणि १९५८ च्या सप्टेंबरात तेथे तेल लागले. आमच्या वडीलधाऱ्या पिढीने त्या दिवसांचे जे वर्णन केले आहे ते ऐकले म्हणजे वाटते, की गावोगाव जणू मुलगा झाल्याची साखर वाटली गेली असावी.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. एका विहिरीत तेल लागले, आता पुढची रिग कोठे? तेथेच शेजारी उभी केली तर तेल हमखास, टाळ्याही हमखास. परंतु नवे असे थोडेच कळणार. दूर उभी केली तर विहीर कोरडी जाण्याचा संभव, पण साठा केवढा पसरला आहे हे कळेल. शोधाच्या प्रारंभी कोरडी विहीर हीही एक कमाईच असते. मात्र हे लोकसभेत उठून सांगणे कठीण! खंबायतचे क्षेत्र पुढील विहिरींनी तपासता ते मुख्यतः वायूचे निघाले. तोवर नर्मदा ओलांडून अंकलेश्वर येथे विहीर घेतली गेली होती, आणि १९६० च्या मे महिन्यात तेथे जे तेल लागले त्याने सारे चित्र पालटले. हजार-बाराशे मीटरांच्या आसपास वाळूचे चांगले जाड थर आणि ते तेलाने भरलेले. त्या विहिरीस ‘वसुधारा’ हे नाव मिळाले. त्याच्या पुढील वर्षी कलोल. आणि १९६५ पासून आपल्या कोयलीचा कारखाना चालू झाला. लुणेजवरच सारे लोखंड खिळवून ठेवले असते तर अंकलेश्वर केव्हा सापडले असते, कोण जाणे.

येथे आपणां मराठी मंडळींस मौज वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. या खंबायतच्या खोऱ्यात वरून खाली जावे तर गाळाची माती, वाळू, शेल असे थर लागत जातात, आणि सर्वांच्या बुडाशी, मधल्या भागात काही हजार मीटर खोल, काळा पाषाण लागतो. तो पाषाण म्हणजे आपला सह्याद्रीच! ज्या लाव्ह्याने रायगड, राजगड घडवले त्याचेच थर येथे खचून खाली गेले आणि त्यांवर पुढे समुद्राचा व नद्यांचा गाळ साचला. दातांची चाल मीटरांवरून बोटांवर आली आणि चाळणीवर काळा कठीण चुरा दिसू लागला की भूगर्भशास्त्रज्ञ बहुधा वही मिटतो. काका म्हणत, “दगड लागला की आम्ही समजायचो, दक्खनला पोचलो.” सयाजीराव महाराजांच्या काळी रॉबर्ट ब्रूस फूट यांनी बडोदे संस्थानच्या भूगर्भाचे जे सर्वेक्षण केले आणि १८९८ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात वरचे दगड आले, हा खालचा पसारा उलगडण्यास मात्र रिगच यावी लागली.

मधल्या शेलचाही आपला स्वभाव आहे. चिखलातले पाणी पिऊन तो फुगतो, विहीर आवळत जाते आणि नळ अडकतो. येथे उलट सावकाशीच महाग पडते. विहीर उघडी जितके दिवस राहील तितकी ती बिघडणार. तेव्हा झपाट्याने उतरायचे आणि पोलादी अस्तर घालून बाहेर सिमेंट भरून टाकायचे. म्हणजे एकाच विहिरीत येथे धाव, तेथे थांब.

थांबण्याचे निर्णय विहिरीवर होतात त्याहून अधिक कचेरीत होतात. याची सर्वांत नाट्यपूर्ण कथा इराणातली. विल्यम नॉक्स डार्सी याने १९०१ मध्ये तेथील तेलाचा परवाना मिळवला. त्याचे काम पाहत होता जॉर्ज रेनॉल्ड्स. हा इंजिनियर पूर्वी हिंदुस्थानातील बांधकाम खात्यात नोकरी केलेला. डार्सीचा पैसा आटत गेला, तेव्हा ब्रह्मदेशातल्या तेलावर गब्बर झालेल्या ग्लासगोच्या बर्मा ऑइल कंपनीने आधार दिला. १९०८ च्या आरंभी मस्जिद-इ-सुलेमान येथे शेवटचा डाव मांडला गेला. रखवालीस हिंदुस्थानी घोडेस्वारांची तुकडी होती. ऊन असे, की सावलीतही काहिली. पहारेचे डोके निसटून विहिरीत पडले आणि ते काढण्यात कित्येक दिवस गेले. इकडे ग्लासगोत धीर सुटत चालला होता. मेच्या मध्यावर कंपनीने पत्र लिहिले, की सोळाशे फुटांपर्यंत जाऊन तेल न लागल्यास काम बंद करावे आणि यंत्रे शक्य तेवढी किनाऱ्यावर आणावीत. पत्र बोटीने निघाले. ते वाटेत असतानाच, २६ मे रोजी पहाटे, ११८० फुटांवर तेलाचा फवारा उडाला! ड्रेकच्या बाबतीतही काम बंद करण्याचे पत्र असेच उशिरा पोचले होते. रेनॉल्ड्सला १९११ मध्ये नोकरीतून काढण्यात आले. ज्यांच्या हट्टाने कंपन्या उभ्या राहतात त्यांचा हट्ट पुढे कंपन्यांना सोसत नाही.

उत्तर समुद्रातली गोष्ट याच्या नेमकी उलट, आणि तितकीच खरी. नॉर्वेच्या हद्दीत १९६६ पासून विहिरी घेतल्या गेल्या आणि एकामागून एक निराशा पदरी आली. फिलिप्स कंपनीच्या वरिष्ठांनी ठरवले, की पुरे झाले. परंतु ‘ओशन व्हायकिंग’ नावाची रिग कराराने घेतलेली होती, आणि ती दुसऱ्या कोणास भाड्याने देता येईना. खोदले काय, न खोदले काय, रोजचे भाडे भरणे चुकत नव्हते. मग आणखी एक विहीर घेतली. १९६९ अखेर तेथे एकोफिस्कचा विशाल साठा निघाला. मुलाची फी भरलीच आहे तर वर्ष पुरे करू द्या, म्हणणाऱ्या पालकांमुळे मला दोन चांगले शिष्य लाभले आहेत. तेव्हा या कारणाला मी हसणार नाही.

आपल्या मुंबईच्या समुद्रातही हेच कोडे होते. १९६० नंतरच्या वर्षांत रशियन जहाजाने तळाचा आलेख घेतला, उंचवटा दिसला. परंतु तेथे पोचेल अशी रिग नव्हती. खंबायतच्या आखातात आलियाबेट येथे १९७० मध्ये चाचपणी झाली. मग जपानात बांधलेली ‘सागर सम्राट’ आली. हे आपले लोखंडी पाय समुद्रतळावर रोवून स्वतः वर उचलले जाणारे जहाज. १९७४ च्या जानेवारीअखेर तिने मुंबईपासून सुमारे दीडशेहून अधिक किलोमीटरांवर खोदाई सुरू केली आणि फेब्रुवारीत तेल लागले. दोन वर्षांत, १९७६ मध्ये, उत्पादनही सुरू झाले. एक दशक वाट पाहिली रिगसाठी आणि तीन आठवडे विहिरीसाठी!

वेगाची दुसरी बाजू काळी आहे, तीही सांगितली पाहिजे. आंध्रात पासर्लपुडी येथे १९९५ च्या जानेवारीत विहीर उसळून पेटली आणि ती विझण्यास पासष्ट दिवस लागले. मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ ही रिग वेळापत्रकाच्या सुमारे सहा आठवडे मागे पडली होती. तिचे नुसते भाडे रोजचे पाच लाख डॉलर. पुढील चौकशीत असे दिसून आले, की वेळ वाचवणारे निर्णय एकामागून एक घेतले गेले आणि दाबाच्या चाचणीने दिलेला इशारा मंडळींनी मनाजोगता वाचला. २० एप्रिल १९१० नव्हे, २०१० ची ही गोष्ट. काटे, पडदे, संगणक सारे असतानाची. अकरा माणसे गेली. मी काकांना याविषयी विचारले, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वरून फोन येतो ना मास्तर, त्या फोनला विहिरीचा आवाज ऐकू येत नसतो.”

आता दाते कृत्रिम हिऱ्यांच्या चकत्यांचे आले आहेत. ते खडक चिरडत नाहीत, तासतात, आणि एकाच जोडीने पूर्वीच्या पाच-सहा जोड्यांचे काम होते. विहीर वाकवून आडवीही नेता येते. काकांना ज्या खोलीस महिने लागत ती आज दिवसांत गाठतात. तथापि पहिल्या विहिरीचा पेच होता तेथेच आहे, कारण तो लोखंडाचा नसून न पाहिलेल्या जागेचा आहे. कोठे किती विहिरी कोरड्या गेल्यावर मुलूख सोडावा?

पश्चिम बंगालचे उदाहरण घ्या. तेथे स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीने भारत सरकारच्या भागीदारीत १९५० नंतरच्या दशकात शोध घेतला, विहिरी खणल्या, आणि तेल न मिळाल्याने १९६० मध्ये, म्हणजे अंकलेश्वर लागले त्याच वर्षी, काम सोडले. पुढे आयोगाने त्या खोऱ्यात अधूनमधून खोदाई चालू ठेवली, आणि तीही बहुतेक निष्फळच. शेवटी उत्तर चोवीस परगण्यात अशोकनगर येथे २०१८ मध्ये तेल लागले. साठा अंकलेश्वरच्या मानाने लहान आहे. २०२० च्या डिसेंबरात उत्पादनाचा समारंभ झाला, आणि पहिले तेल टँकर भरून हल्दियाच्या कारखान्यास रवाना करण्यात आले.